विहिरीत राहिलेला भाऊ

आमचा हॉल एवढासा आहे की टीव्ही लागला की घरात दुसरीकडे बसायला जागा राहत नाही. नाहीतर त्या मालिका मी पाहिल्याच नसत्या.

त्या बघायच्या असत समोरच्या आंटींना. वसईकडच्या ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलाच्या नोकरीमुळे बोईसरला आलेल्या. उपवासकाळाचे चाळीस दिवस त्या मटण-मासळी सोडतात आणि दुपारच्या बायबलच्या मालिका धरतात. घरी नातवंडांच्या हातात रिमोट, म्हणून आमच्याकडे येतात. माझी बायको पारायणं करणारी, पण तिला गोष्ट कुठलीही चालते. दोघी सोफ्यावर, मधल्या परातीत सोलायचे वाल, आणि मी पहिल्या पाळीवरून येऊन ताटावर बसलेला.

मालिका परदेशी, हिंदीत बोलणाऱ्या. दाढ्या अशा की बोलताना ओठ एकीकडे आणि दाढी दुसरीकडे.

"आंटी, हे सगळे वाळवंटात हिंडतात आणि कपडे बघा, आत्ताच इस्त्रीवाल्याकडून आणलेत," बायको म्हणायची.

"तू गोष्ट बघ गं. कपडे काय बघतेस?"

एका दुपारी राजाची गोष्ट लागली. त्याने आपल्याच शिपायाची बायको घरात आणली आणि शिपायाला लढाईत सर्वांत पुढे उभं करवून मारलं. मग एक साधुपुरुष दरबारात आला. म्हणाला, एका श्रीमंताकडे शेकडो मेंढरं होती, तरी पाहुणा आला तेव्हा त्याने शेजारच्या गरिबाचं एकुलतं एक कोकरू कापलं. राजा संतापून उठला, कोण तो, त्याला जिता सोडणार नाही. साधूने त्याच्याकडेच बोट केलं. तो तूच.

मी ताट घेऊन मोरीकडे गेलो. "अहो, भात राहिलाय," बायको म्हणाली. पोट भरलं, म्हणालो. नळ सोडून उगाच उभा राहिलो.

आता सांगून टाकतो. सहा वर्षं हे कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मी सांगलीकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. रिअॅक्टरमध्ये माल शिजतो, तो तापू नये म्हणून भोवतीने थंड पाणी फिरतं, आणि दर तासाला वर चढून तापमान बघून कागदावर लिहायचं, हे आमचं काम. पण वर उकाडा आणि वास. त्यामुळे आमच्यात एक रीतच पडली होती: चहाला बसलं की पुढच्या दोन तासांचे आकडे खालीच बसून भरून टाकायचे. सगळेच भरायचे. नवीन माणसालाही आम्ही आधी तेच शिकवायचो.

त्या दिवशी दुपारी नमुना काढताना मी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडायला विसरलो. खाली येऊन चारचा आणि पाचचा आकडा लिहिला, छान. साडेपाचच्या सुमाराला माल उसळला. वर कंत्राटदाराचा एक कामगार होता, मासवणच्या बाजूच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यातला, माझ्याच वयाचा. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीत कागद बघितला गेला. पाचला सगळं ठीक दिसत होतं, म्हणजे व्हॉल्व्ह त्यानंतर कुणीतरी बंद केला असणार. वर तो एकटाच होता. मला विचारलं, तो शुद्धीत होता का?

गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "थोडी घेतलेली असावी. वास येत होता."

पुढे कुणी काही विचारलं नाही. डोंगरातला माणूस म्हटल्यावर पुरावा कुणाला लागतो? मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते वाक्य सुचलं. त्याचा गेटपास गेला आणि दुसऱ्या कंत्राटदारांनीही त्याला उभं केलं नाही. मला पुढच्याच वर्षी बढती मिळाली.

राजानंतरच्या आठवड्यात भावांची गोष्ट आली. दहा भावांनी धाकट्याला कोरड्या विहिरीत टाकलं, मग व्यापाऱ्यांना विकलं. वर्षानुवर्षांनी दुष्काळ पडला आणि ते धान्य मागायला परक्या देशात गेले, तर तिथला कारभारी म्हणजे तोच. तो सगळ्यांना बाहेर घालवून मोठ्याने रडतो आणि भावांना मिठी मारतो. माझी बायको पदराने डोळे पुसत होती. मी दारात चप्पल घालत होतो, काढत होतो.

"भाऊ, एक काय ते करा. बाहेर जा नाहीतर बसा," आंटी म्हणाल्या. मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "रडायला काय जातंय गं. तो गादीवर बसलाय, कोठारं भरलेली आहेत. त्याला माफ करणं परवडतं. विहिरीतच राहिला असता तर यांना कोण मिठी मारणार होतं?"

मी न राहवून विचारलं, "तुमच्यात फादरला सांगितलं की सुटतो ना माणूस?"

त्यांनी वालाची साल परातीत टाकली. "आमचे फादर आधी विचारतात, ज्याचं नेलंस त्याला परत दिलंस का?" आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. शाळेत बाई मुलाकडे बघतात तसं.

त्या रविवारी मोटरसायकल काढली. उमरोळीच्या पुढे गेलो आणि परत फिरलो. घरी सांगितलं, पंक्चर झालं. पुढच्या रविवारी मात्र पालघर ओलांडून मासवणपर्यंत गेलो, विचारत विचारत पाडा शोधला. घराला कुलूप. ओसरीवर एक म्हातारी बसली होती, तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आता कुठला गावंल? भट्टीवर गेलीत सारी. इटा पाडायला. राब भाजायला येतील."

पंचवीस वर्षं या भागात राहून मला एवढंही माहीत नव्हतं की उन्हाळ्यात डोंगरातली घरं रिकामी असतात. कारखान्यात होता तोवर त्याला भट्टीवर जावं लागत नव्हतं, हेही तिथेच कळलं. परतताना मला हलकं वाटत होतं. या हलकेपणाची लाज घरी पोचल्यावर वाटली.

पेरणीआधी वाफ्यांत पालापाचोळा जाळतात, तो राब भाजून झाल्यावर, मे महिन्याच्या शेवटी गेलो. वाफ्यांत काळी राख होती. तो कुंपणाला काटे लावत होता, डाव्या हाताने. उजव्या हाताची कातडी ओढल्यासारखी चकाकत होती.

"साहेब? तुमी हितं कुठं?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. व्हॉल्व्ह मी बंद केला, आकडे खाली बसून लिहिले, आणि तुझ्याबद्दल खोटं बोललो. त्याने काटा ओढून बसवला.

"मला काय सांगता? मी होतो ना तिथं. तुमी परत वर आलाच नाय, मला ठावं हाय."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो. साहेब लोक बोलले, उतरली का तुझी?" तो हसला, पण माझ्याकडे न बघता. मग घराकडे मान वळवली. "हिला सांगा. सांगायचाच तर हिला सांगा."

त्याची बायको दारात सूप घेऊन उभी होती. मी पुन्हा सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पिलेला नव्हता?"

"नव्हता."

"वास आला बोलला ना तुमी?"

"खोटं बोललो."

ती नवऱ्याकडे वळली. "मंग तू मला का नाय सांगितला?"

"सांगितला होता. तू नाय ऐकला."

मी त्याची नोकरी घालवली एवढंच धरून चाललो होतो. माझं ते एक वाक्य या घरात सहा वर्षं राहिलंय, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

कंपनीत मी लेखी दिलं ते नंतर, सोमवारी. चौकशी चालू आहे. माझी नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही. त्याला म्हणालो, तुझा गेटपास परत मिळावा म्हणून लिहितो, तर तो म्हणाला, "लिवा. जायचा का नाय ते मी बघीन." बायकोलाही सांगितलं. तिने विचारलं, "तेव्हा पेढे कशाला आणलेत मग?" बढतीचे पेढे.

पण सर्वांत अवघड गेलं ते त्याच दिवशीचं, त्या पाड्यावरचं. त्याच्या बायकोने पदर खोचला.

"पाड्यात समद्यांना ठावं हाय, हा पिऊन पडला नि हात भाजला. पोरीच्या सोयरिकीत पन हाच विषय निघाला होता. त्यांना कोन सांगल?"

"मी सांगतो."

"कवा?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"आताच चला."

ती पुढे, मी मागे. तो आला नाही, कुंपणाशीच थांबला. पहिल्या घरी मी नुसतंच पाणी मागून प्यालो. दुसऱ्या घरी जमलं. तिसऱ्या घरी एक म्हातारा बाजेवर उठून बसला, दोन बायका दारात आल्या, आणि मी म्हणालो की, तेव्हा माझ्याकडून जरा चूक झाली होती.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "चूक नका बोलू. माझ्या दारात बोलला तसाच बोला."

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. मी परत पहिल्यापासून सांगायला लागलो. खोटं बोललो, म्हणालो. तो प्यालेला नव्हता.

"आजून मोठ्यानं," ती म्हणाली. "त्याला कमी ऐकू येतं."