पाळीवर नेणारी गाडी

गोंदियाच्या दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "बच्चा कितने महीने का है?" मी म्हटलं, सहा वर्षांची आहे. त्यानं माझ्या कडेवरच्या लेकीकडे पाहिलं. तिची मान माझ्या खांद्यावर पडली होती, लाळेनं माझा पदर ओला झाला होता. मग तो एकदम मऊ आवाजात बोलायला लागला. हा मऊ आवाज मला सहन होत नाही. डॉक्टर, मास्तर, बसमधल्या बाया, सगळे लेकीला पाहिलं की असेच बोलतात. मी म्हटलं, "भैया, रोना बाद में. पहले गाडी दिखाओ."

लेक जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. तेवढ्या वेळात तिच्या मेंदूचं जे व्हायचं ते होऊन गेलं. बसता येत नाही, मान धरत नाही, बोलत नाही. पण ऐकते सगळं. आणि हसते. घरात फारशी हसत नाही, पण बोदलकसाच्या तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, नेलं की खळखळून हसते. पाण्यावरचा वारा तोंडावर आला की दोन्ही हात वर फेकते आणि घशातून असा एक आवाज काढते की जाळी गोळा करणारे ढीवरही मान वळवून बघतात. आमचं घर तलावाजवळच्याच गावात. लहान होती तोवर रोज संध्याकाळी मी तिला कडेवर घेऊन जायचे. मग ती लांब झाली, आणि दिवसभर शिलाई मशीनवर वाकून माझी कंबर गेली. जाणं सुटलं. लेक खाटेवर पडून आढ्याकडे बघायला लागली. तिचं हसू बंद झालं. मला गाडी हवी होती ती तेवढ्यासाठी. बाकी जगाचं काही मागणं नव्हतं माझं.

अपंगांच्या शिबिरातून मिळालेली चाकांची एक खुर्ची घरात होती, नाही असं नाही. पण तीत ती धानाच्या पोत्यासारखी खाली घसरायची, आणि खुर्चीची पुढची चिमुकली चाकं मुरमात रुतून बसायची. ती बनवणाऱ्यानं मुरमाचा रस्ता कधी पाहिलाच नसावा.

दुकानदारानं चार चाकांच्या बाबागाड्या काढल्या. कुणावर अस्वलाचं चित्र, कुणाला झालर. "सब यही ले जाते हैं, मॅडम." मी एकेकीत लेकीला बसवलं आणि दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नाही, बाहेर रस्त्यावर नेऊन ढकललं. पहिल्याच खड्ड्यात पुढची दोन्ही चाकं वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उभी. सोबत आलेला नवरा म्हणाला, "लोकं पाहून राह्यले वो." मी म्हटलं, पाहू दे. शेवटी दुकानदारानं माळ्यावरून धूळ खात पडलेली एक गाडी उतरवली. तीन चाकांची. मागं दोन मोठी, पुढं एक, आणि तिन्ही हवेची, सायकलसारखी. ती गोंदियात कशी आली कोण जाणे. कुणी घेतली नव्हती, कारण घडी घालून मोटरसायकलवर ठेवता येत नव्हती. मी ती खड्ड्यात घातली. पुढचं चाक खाली गेलं, वर आलं, सरळ चालत राहिलं. त्या हिसक्यानं लेक हसली. भर बाजारात, ट्रकचे हॉर्न वाजत असताना. मी दुकानदाराकडे पाठ करून उभी राहिले, कारण मला रडू आलं होतं आणि त्याला ते दाखवायचं नव्हतं.

गाडीच्या दांड्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली पिवळी पट्टी होती. नवऱ्यानं ती घरी आल्यावर सासूला वाचून दाखवली. सासू म्हणाली, "हे तं लेकराची गाडी आहे. पोरगी का लेकरू राहणार हाय?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू.

आणि मग सुरू झाली गाडीची चाकरी. लेकीइतकीच तिची उठाठेव. मान धरत नाही म्हणून मी जुन्या जीनपँटच्या कापडाची उशी शिवली, दोन्ही कानांजवळ फुगीर. कमरेचा पट्टा होता तो पुरेना, म्हणून छातीवरून फुलीसारखे दोन आणखी लावले. गादीवर पेज सांडायची, त्या वासानं उंदीर यायचे. एकदा सकाळी पाहते तर कोपरा कुरतडून आतला स्पंज घरभर. मग दोन खोळी शिवल्या, एक अंगावर, एक दोरीवर. बाभळीचा काटा तर रोजचाच पाहुणा. गावातला पंक्चरवाला मला लांबून पाहिलं की पाण्याचं घमेलं पुढं ओढायचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणून टाकायचे, तो चाकाच्या आऱ्यांत वाळून दगड व्हायचा. मी हापशीवर बसून चाकं घासायचे, बाया पाण्याला थांबलेल्या. एक म्हणाली, "काऊन वो, नवऱ्याची मोटरसायकल नाई धूत एवढी?" मी म्हटलं, त्याची मोटरसायकल हसत नाही.

सासूचं वेगळंच. आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, लेकराला वाईट असतं म्हणतात. तिनं तोच कायदा गाडीला लावला. मी गाडी धुवायला नेली की परत येईतो तिचा जीव टांगणीला. एक दिवस पाहते तर रिकाम्या सीटवर वरवंटा ठेवलेला! बारशाला पाळण्यात ठेवतात तसा, फडक्यात गुंडाळून. त्यानं माझी अख्खी शिवण उसवली. मी भांडले. "माय, हे गाडी हाय का पाटा?" तर दुसऱ्या दिवसापासून तिनं वरवंट्याच्या जागी मूठभर धानाची पुरचुंडी ठेवायला सुरुवात केली. पुरचुंडी मी राहू दिली. नातीवर तिचा जीव होता. माझ्यामागे तिचं सगळं तीच करायची, भरवणं, धुणं, कूस बदलणं. मी चौकातल्या माझ्या शिलाईच्या खोलीत निर्धास्त बसायचे ते तिच्या भरवशावर.

दोनेक वर्षं अशी गेली. संध्याकाळी आम्ही पाळीवर जायचो. मी, लेक, पुष्कळदा सासूही. मी या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. लिहिलं की वाईट वाटतं.

एका संध्याकाळी पाळीच्या चढावर कडकन आवाज झाला आणि गाडी पुढं वाकली. पुढच्या चाकाला धरणारा पाइप जोडापाशी चिरला होता. लेक पट्ट्यांत अडकून लोंबत होती, आणि हसत होती, तिला तो खेळच वाटला. सासूनं तिला उचललं, मी गाडी ओढली, तशा घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिरोड्याला वेल्डिंगच्या दुकानात गेलो. सासू हट्टानं सोबत आली. वेल्डिंगवाल्यानं पट्टी लावून जोड पक्का केला, आणि गाडी हातात देताना म्हणाला, "सध्या चालते. पण पोरगी आणखी भरली तं हे नाई झेलणार. पाइप पातळ हाय." मी हो म्हटलं आणि विसरले. त्या वेळी मला गाडी चालते एवढंच ऐकायचं होतं.

सासू विसरली नव्हती.

पुढचे काही महिने माझी कंबर बरी होत गेली. लेकीला गाडीत ठेवताना आधीसारखी कळ येत नव्हती. मी नवऱ्याला म्हटलंही, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम लागू पडला बघा. दिवाळी जवळ आली होती, लोकांचे ब्लाऊज शिवून डोळे जड झालेले. तशात एका दुपारी लेकीच्या फ्रॉकचं कापड काढलं. माप घ्यायला सकाळीच टेप लावला होता आणि खडूनं कापडाच्या कडेवर लिहून ठेवलं होतं. अंदाजासाठी मागच्या दिवाळीचा फ्रॉक पुढ्यात पसरला. उंची वाढलेली. शिवणीतला सैलपणा वगळूनही छाती कमी. मला वाटलं माझीच चूक. वर्षभरात पोरीची छाती कमी कशी होईल? मी फ्रॉक पुन्हा मोजला. टेप खोटं बोलत नव्हता. आणि एकाएकी सकाळी टेपखाली लागलेल्या तिच्या बरगड्या माझ्या बोटांना आठवल्या. मी मशीन तशीच टाकून घरी निघाले.

ओसरीवर सासू तिला पेज पाजत होती. लेकीला घास चावता येत नाही, म्हणून भात शिजवून, घोटून, घट्टसर पेज द्यायची असं आमचं ठरलेलं. वर तूप. मी वाटीत पाहिलं. तांदळाचं धुवण असावं तसं पाणी. शीत नाही, तूप नाही. लेक ते गटागटा पीत होती, आणि चमचा बाजूला झाला की त्याच्यामागे तोंड नेत होती.

मी वाटी हिसकावली. "माय, हे काय देऊन राहिले तुमी पोरीले? घरात तांदूळ नाई का? धानाची पोती आढ्याला लागली, आणि पोरीले पाणी?"

सासू दचकली नाही. पदरानं लेकीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ओरडू नको. पोरगी भेते."

"कवापासून चालून राह्यलं हे?"

"वेल्डिंगवाला बोलला तवापासून." ती खाली बघत होती. "उपाशी नाई ठेवून राह्यली मी. हलकी ठेवून राह्यली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पोटभर देल्लं तं वाढते," सासू म्हणाली. "वाढली तं गाडीत मावत नाई. मंग कोण नेईल वो तिले पाळीवर? तुही कंबर अशी. मी किती दिवसाची? जेवून खाटेवर पडून राहण्यापरीस थोडी हलकी राहिली तं का बिघडलं? तिथं हसते तं ते. घरात हसते का? सांग ना. घरात हसते का?"

मी वाट्टेल ते बोलले. म्हातारी, राक्षसीण, तुमच्या लेकराला ठेवलं असतं का असं. मी चुलीवर भात टाकला, घोटला, दोन पळ्या तूप ओतलं आणि लेकीला मांडीवर घेतलं. ती खातच राहिली. घास गिळायच्या आधी पुढच्यासाठी तोंड उघडायची. मी भरवत होते आणि हुंदके देत होते, आणि काय सांगू, प्रत्येक घासाबरोबर मला गाडीचा तो जोड डोळ्यांपुढे दिसत होता. सासूनं जे केलं ते पाप होतं. पण तिनं विचारलेलं खोटं नव्हतं.

त्यानंतर भरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. मशीन घरात आणली. लेकीच्या अंगावर मांस चढलं, गालांना रंग आला. डॉक्टर म्हणाले, छान. पुढच्या रोवणीच्या आत तो जोड पुन्हा चिरला, आणि या वेळी वेल्डिंगवाल्यानं पाइपवरून बोट फिरवून नकारार्थी मान हलवली. मोठ्या पोरांसाठी तशी मोठ्या चाकांची खुर्ची असते म्हणतात, ती नागपूरहून मागवावी लागते. नाव नोंदवलं आहे. फोन केला की सांगतात, येईल. नवरा सुट्टीच्या दिवशी तिला मोटरसायकलवर पुढ्यात धरून नेऊन बघत होता. एकदा ती मागं झटकली, दोघं पडता पडता वाचले, तेव्हापासून तेही बंद.

आता ती ओसरीवरच्या खाटेवर असते. ऊन कललं की पाळीवर काढायची तोच आवाज काढते, पण हसून नाही. दाराकडे बघून, हळूहळू मोठा करत. मला तो आवाज ऐकवत नाही. मी उठते, भात घोटते, तूप घालते, कारण माझ्या हातात द्यायला दुसरं काय आहे? रोज ती आवाज थांबवून खायची.

परवा मी वाटी घेऊन बसले, चमचा तिच्या ओठांना लावला, तर तिनं तोंड मिटून घेतलं. मी म्हटलं, खा माय, गरम आहे. सासू भिंतीला टेकून बघत होती. लेकीला मान धरता येत नाही, तरी तिनं सगळा जीव एकवटून ती वळवली, वाटीपासून दूर, दाराकडे. सासू उठून मागच्या अंगणात निघून गेली. पेज थंड होईतो मी चमचा धरून बसले होते. तिनं तोंड उघडलं नाही.