म्या

"हिचं मूळ बाहेर आलं बघा."

आमच्या शाळेच्या संस्थेचे सचिव हे माझ्यासमोर बोलले. माझ्याशी नाही, माझ्याबद्दल. तुळजापूरच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये मी उभी होते. डाव्या हातानं दांडी घट्ट धरलेली. उजवा हात लोंबत होता. उजव्या पायाला पट्ट्यांचा साचा बांधला होता. डोक्यावरचे केस ऑपरेशनला काढलेले. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता.

मी त्यांच्या शाळेत मराठी शिकवत होते. बाई परत कामावर येण्यासारख्या आहेत का, ते बघायला ते आले होते. त्यांनी विचारलं, "ओळखलं का?" मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं.

"व्हय. म्या... वळखलं."

ते हसले. दुष्टपणानं नाही. बोबड्या पोरावर हसतात तसं. मग फिजिओथेरपीच्या मॅडमकडे वळून म्हणाले, "शाळेत काय शुद्ध बोलायची ही. डोक्याला मार बसला आणि हिचं मूळ बाहेर आलं बघा."

कोपऱ्यात माझी आई उकिडवी बसली होती. त्यांच्या आईच्या वयाची बाई. तिच्याकडे बोट करून ते म्हणाले, "तू आई का गं हिची? दिवसभर हिच्या कानावर तुझंच बोलणं पडतंय. मग हिची भाषा सुधारायची कशी? जरा तोंड आवर."

आई उठली. हात जोडले. "व्हय, मालक," म्हणाली. आणि लगेच पदर तोंडाशी धरला. "व्हय" म्हणजेही तेच बोलणं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

म्या या शब्दावरचं हसणं मला नवं नव्हतं. आमची मेंढरं. अणदूरच्या अलीकडं आमचं गाव. शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी विचारलं, फळा कुणी पुसला? मी उभी राहून म्हणाले, "म्या पुसला." अख्खा वर्ग ओरडला, "म्यॅ, म्यॅ." धनगराची पोर आणि तोंडात म्या, म्हणजे त्यांना आयतंच सापडलं. गुरुजीही हसले. म्हणाले, "मेंढरं घरी बांधून यायची, इथं आणायची नाहीत." पुढं कित्येक दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही. उघडलं तेव्हा "मी" म्हणाले. ओठ मिटून, नीट, स्वच्छ.

तेव्हापासून घरात म्या आणि शाळेत मी. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा तो शब्द मी शाळेच्या फाटकाबाहेर काढून ठेवायची. अशा चपला काढत काढत मी मराठीची शिक्षिका झाले. माझ्या बोलण्यावरून गाव ओळखता येत नाही, असं कुणी म्हणालं की मला बरं वाटायचं. किती बरं वाटायचं ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

मग एका संध्याकाळी शाळेतून येताना माझ्याच स्कूटीच्या चाकात माझीच ओढणी गेली. सोलापूरला नेलं. कवटी उघडून आतलं साकळलेलं रक्त काढलं. माझी शुद्ध परत आली, पण शुद्ध बोलणं काही आलं नाही. पेला दिसायचा, पेला हा शब्द सापडायचा नाही. मी कोण हे कळायचं, मी म्हणता यायचं नाही. ज्या शब्दांवर मी पगार घेत होते ते सगळे गेले होते. जे राहिले होते ते आईचे.

आई खाटेजवळ बसून बोलत राहायची. "डोळं उघड गं माय. म्या आले बघ. आपली बांडी मेंढी व्याली, दोन पिल्लं हायती. एक लई अशक्त हाय, पर जगंल." तिच्या आवाजाला धरून एकेक शब्द परत आला. व्हय आला. न्हाय आला. पानी आला. आणि म्या आला. मला तो सापडला तेव्हा मी रडले होते. हरवलेलं माणूस घरी यावं तसं वाटलं होतं.

तोच शब्द सचिवांच्या हसण्यात गेला.

त्या दिवसापासून आईनं माझ्याशी बोलणं बंद केलं.

आधी ती दांड्यांच्या पलीकडच्या टोकाला उभी राहायची. मॅडम म्हणायच्या, उजव्या पायावर वजन टाका, आधी टाच टेकवा. आई तेच तिच्या परीनं म्हणायची, "टाच टेकव गं, टाच. ये, ये, ये." अशक्त पिल्लाला बोलवतात तसं. मी त्या आवाजाकडं चालायची. आता ती तिथंच उभी राहायची, नुसता हात पुढं करून. उपचारासाठी तुळजापुरात घेतलेल्या खोलीवर चहा दिला तरी खुणेनं. औषधाची वेळ झाली की दंडाला हात लावायची. मॅडमनी तिला परोपरीनं सांगितलं, "आजी, बोला त्यांच्याशी. ऐकूनच बोलणं परत येतं." आई मान हलवायची. पण मॅडम पडल्या नोकरीतल्या, आणि ते शाळेचे मालक. आईच्या हिशेबात शब्द मालकांचाच खरा.

मी म्हणायची, "आये, बोल." ती नको नको करायची. एका दुपारी फार धरून बसले तेव्हा कुजबुजली. "माझं ऐकून तुझं बिघडतंय म्हणत्यात. तू मास्तरीण हायस. माझ्या तोंडाची घाण तुला नगं."

घाण. हा शब्द तिनं कुठून आणला असेल? सचिवांनी तो उच्चारलाही नव्हता. उच्चारावा लागला नाही.

मी ठरवलं, "मी" परत आणायचं. आईसाठी. म्हणजे ती बोलेल. आरशासमोर बसायची. म साठी ओठ मिटायचे, मग ई साठी दोन्हीकडं ओढायचे. उजवी बाजू हलायचीच नाही. म्हणायला जायची मी, यायचं म्या. हातात मॅडमनी दिलेला मऊ गोळा दाबत राहायची आणि म्हणत राहायची. किती महिने गेले ते सांगता येणार नाही. शेवटी आलं. जोगवा मागणाऱ्या बायांचा आवाज खालच्या गल्लीतून येत होता आणि मी आरशात बघून म्हणाले, "मी."

धावत आईकडं जावंसं वाटलं. पाय फरपटत गेले. "आई, मी," म्हणाले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. डोळे भरले तिचे. मला वाटलं, आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "पक्कं हुं दे आदी." आणि पुन्हा गप्प.

दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये दांडी सोडून चालताना माझा गुडघा दुमडला. मी आडवी पडले. आई धावली. तिचं तोंड उघडलं. मला दिसलं, ओरड अगदी ओठांपर्यंत आली होती. तिनं ती गिळली. पडलेल्या लेकीला माझ्या आईनं आवाज न करता उचललं.

तिथं माझ्या आत काहीतरी लख्ख झालं. मला दुखत नव्हतं. मला राग आला होता. मार माझ्या डोक्याला बसला आणि वाचा आईची गेली. आणि ती माझ्या "मी" म्हणण्यानं परत येणार नव्हती. मी कितीही शुद्ध बोलले असते तरी ती म्हणाली असती, अजून पक्कं होऊ दे.

पुढं काठी घेऊन जिना चढता यायला लागला. उभं राहून तास घेऊ शकतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. शाळेनं बोलावलं. सचिवांच्या खोलीत समितीचे आणखी दोघं बसले होते. दार उघडं होतं. बाहेर बाकावर आई, पदर तोंडाशी.

सचिव म्हणाले, "स्वतःबद्दल चार वाक्यं बोलून दाखवा. मुलांच्या कानावर काय पडतं ते आम्हाला बघावं लागतं."

इतकी वर्षं ज्या शाळेत शिकवलं तिथं मी पहिलीच्या मुलीसारखी उभी होते. "मी" तयार होतं. ओठ मिटलेलेच होते. मी आईकडं पाहिलं.

"म्या मराठी शिकवते," मी म्हणाले. "म्या हितलीच हाय. ती भायेर माझी आय बसलीया. तिला तुमी तू म्हणलात. तिला तुमी म्हणा."

मग सचिव समितीकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "अजून बऱ्या झालेल्या नाहीत."

"म्या बरी हाय," मी म्हणाले. "मला मी म्हणता येतंय. म्हणत न्हाय."

वर्ग मिळाला नाही. भाषा सुधारली की बघू, म्हणाले. पायऱ्या उतरताना आई मोकळ्यानं बोलली. एवढ्या महिन्यांनी. "कशापायी बोललीस गं तसं? पोटावर पाय आणलास. कुनी सांगितलं हुतं तुला?" रागावली होती, घाबरली होती. पण बोलत होती. फाटकाशी एक शिक्षिका समोरून आल्या आणि आईनं पुन्हा पदर तोंडाशी नेला.

मी तो हात धरून खाली ओढला. माझ्या उजव्या हातानं. जमेल तेवढा.

नोकरी अजून कागदावर आहे, म्हणून मी रोज शाळेत जाते. मला शिक्षकांच्या खोलीत बसवून ठेवतात. हे सगळं मी शुद्ध लिहिलंय, कारण मला ते येतं हे त्यांना दिसू दे. बोलताना मात्र शुद्ध बोलणार नाही. वर्ग देईपर्यंत जाणार. मिळेल त्या दिवशी डाव्या हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहणार आणि पहिलं वाक्य म्या पासून सुरू करणार. आई दाराबाहेर बाकावर नसेल. आत, पहिल्या रांगेत बसलेली असेल. आणि तिला कुणी तू म्हणालं, तर तास तिथंच थांबेल.