रेचक

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा मला जमिनीवर पाय पसरून बसता येत नव्हतं. कमरेतून कळ निघायची ती डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. भाकरीसुद्धा मी ओट्यापाशी उभी राहून करत होते. पण बाळाला उभ्यानं अंघोळ घालता येत नाही. पाटावर बसून दोन्ही पाय सरळ पसरावे लागतात, बाळ नडग्यांवर पालथं घ्यावं लागतं आणि तेल लावून, पाणी घालून होईपर्यंत पाय हलवायचा नसतो. आमच्या घरात हे करणारी मी एकटीच. सासूबाई नाहीत. जाऊ भिंतीपलीकडं राहते, पण आमचं बोलणं कामापुरतं.

लेक दिली कर्जतकडं. मागच्या वर्षी तिचा गर्भ पडला, तर तिसऱ्या दिवशी तिला हंडा घेऊन पाण्याला पाठवलं होतं. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. आता ती फोनवर एकच म्हणायची, "आई, तू नुसतं खाली बसायचं बघ. आमच्या सासूबाई म्हणत्यात, जिला स्वतःची उठबस होईना ती बाळंतीण काय सांभाळनार? मला हितं न्हाई ऱ्हायचं."

योगाचा व्हिडिओ तिनंच मोबाईलवर पाठवला. घरधनी सुप्याला कंपनीत गेले की मी दार लावून गोधडी अंथरायची. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायची. पहिल्या दिवशी आवाज मोठा होता. भिंतीपलीकडून जाऊ म्हणाली, "काय गं, म्हातारपनी कसरत व्हय? जत्रंत उतरनार का कुस्तीला?" तिच्याकडं आणखी कोणी बाई बसली होती, तीही हसली. मी आवाज बंद केला. तो बंदच ठेवला.

मग व्हिडिओतली बाई नुसते ओठ हलवायची आणि मी तिच्याकडं बघून वाकायची. खाली अक्षरं यायची. चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं, पण मी शब्द जुळवेपर्यंत अक्षरं निघून जायची. दुखायचं इतकं, की गोधडीचा काठ दातात धरायची. महिन्यानं भिंतीला टेकून पाय पसरता आले. त्यानंतर भिंत सुटली. एके दिवशी बाजरीची पिशवी नडग्यांवर ठेवून मी पाचशे आकडे मोजले. पाय हलला नाही. तेवढाच एक दिवस मी पोटभर जेवले.

विहीणबाईंचा फोन आला. "रईवारी येते. पोरीला घेऊनच येते. बघते तुमचं कसं हाय, जमत आसंल तर ठेवते."

आता काही कमी राहू नये असं वाटलं. व्हिडिओत एक गोष्ट होती, ती मी रोज सोडून देत होते. खाली दोन शब्द पुन्हा पुन्हा यायचे, 'पूरक' आणि 'रेचक'. पूरक आहार अंगणवाडीच्या पाकिटावर वाचला होता, म्हणजे काहीतरी खायचं असणार. रेचक तर घरातच होतं, एरंडेलाच्या बाटलीवर छापलेलं. पोट साफ झाल्याशिवाय कंबर सुटत नाही, असं आमच्याकडं जुनी माणसंही म्हणायची. रविवारी पहाटे मी दूध प्यायले आणि वर तीन चमचे एरंडेल घेतलं.

दहाला जीप आली. विहीणबाई, व्याही आणि लेक. लेक सुकली होती, नुसतं पोट दिसत होतं. मी सगळ्यांसमोर खाली बसले, पाय पसरले. विहीणबाई बघत होत्या. आणि मला उठावं लागलं. परत येऊन बसले, पुन्हा उठावं लागलं. चौथ्यांदा परसातून आले ती भिंत धरून.

"पोट बिघडलं का वो?" विहीणबाईंनी विचारलं.

जाऊ उंबऱ्यात उभी होती. "दार लावून काय काय करत्यात रोज. त्याचंच झालं आसंल."

"अवो, तुमालाच कुनी बघाया पायजे," विहीणबाई म्हणाल्या. "बाळंतिनीजवळ हगवन न्हाई चालायची बाई."

'मी एरंडेल घेतलंय', एवढंच सांगायचं होतं. पण व्याही समोर खाटेवर बसलेले. पुरुष माणसापुढं पोटाचं काय बोलायचं? मी पदर पुढं ओढला. लेक माझ्याकडं बघत होती. तिची पिशवी जीपमधून खाली उतरलीच नाही.

ते गेल्यावर मी व्हिडिओ लावला आणि पहिल्यांदा आवाज सोडला. जाऊला ऐकायचं तर ऐकू दे. बाई म्हणत होती, "पूरक, म्हणजे श्वास आत घ्या. आता रेचक, श्वास हळूहळू बाहेर सोडा." एवढंच होतं. मी ते तीनदा ऐकलं.

चार दिवसांनी धीर करून विहीणबाईंना फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्या म्हणाल्या, "बोला." मागं व्याह्यांचा आवाज येत होता. माझ्या तोंडून निघालं, "दुपटी किती लागतील?"

"द्या की पंधरा-ईस. जुनं मऊ लुगडं आसंल तर त्याचीच करा."

तेव्हापासून रोज दुपारी लुगडी फाडते आहे. खाली बसून, पाय पसरून. आता अर्धा तास कळ येत नाही. लेकीनं काल विचारलं, "आई, त्या दिवशी तू काहीच का बोलली न्हाईस?" एका शब्दाचा अर्थ चुकला म्हणून तू तिथं राहिलीस, हे तिला कसं सांगू? तिला नववा लागला आहे.