निघताना कुणी विचारलं नाही
थंडीत खोबरेल थिजलं, की ती संध्याकाळ आठवते. डोंगरातल्या रात्रभराच्या शर्यतीसाठी मी महिनाभर काशीदच्या वाळूत एकटाच पळालो होतो. निघताना बाबांचा बोटीवरचा, डिझेलचा वास मारणारा स्वेटर पिशवीत भरला. आई अंगणात सुकी मासळी गोळा करत होती. "पायांना तेल चोळलंस का रं?" "व्हय." कुठला डोंगर, रात्रभर का पळायचं, सगळं तिला सांगायचं होतं. पण समुद्रावर निघालेल्याला आमच्याकडे 'कुठे' असं विचारत नाहीत, अपशकुन होतो. तिने मलाही विचारलं नाही. मी उगाच बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसलो. "नाड्या बांधतोस का जाळं विणतोस? यष्टी जाईल!" आई ओरडली. मी निघालो. आता हॉस्टेलवर कुणी सहज 'कुठे रे?' म्हटलं, तरी मी थांबून सगळं सांगू लागतो, आणि विचारणारा तोवर पुढे गेलेला असतो.