मनूपर्यंत पोचलेली हाक

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा ठेवायला उठणारी बाई. कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पुराव्याशिवाय केलेल्या विधानाखाली लाल रेघ मारायचे. त्यामुळे हे लिहिताना माझाच हात अडखळतो आहे. पण सई, आर्यन, माझ्या धाकट्या नातवंडांनो, तुम्ही तिकडे मेलबर्नला... तुमच्या मनूताईची ही गोष्ट तिखटमीठ लागून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी माझ्याकडून पोचलेली बरी. इतर वाचकांपैकी कुणाला उलगडा झाला तर अवश्य कळवावं.

मनू, म्हणजे माझी थोरली नात मानसी, अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही नेटवर्कच्या स्पोर्ट्स विभागात आवाजाचं काम करते. तिकडचा तो हेल्मेटवाला फुटबॉल असतो ना – त्यात खेळाडू आदळल्याचा धप्प आवाज, त्यांच्या आरोळ्या, धापा, हे सगळं घरबसल्या ऐकू येतं ते आपोआप नाही. मैदानाच्या रेषेलगत एक जण हेडफोन घालून, मोठी पारदर्शक थाळी धरून पळत असतो. थाळीच्या मध्यावर माइक. थाळी वळेल तिकडचा आवाज. आमची मनू ती थाळी धरते.

तिच्या वडिलांना, म्हणजे तिकडेच अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मुलाला, हे मुळीच पसंत नव्हतं. ते धिप्पाड खेळाडू रेषेबाहेर फेकले जातात. मनूशेजारच्या एका कॅमेरावाल्याचा पाय मोडला होता. "ऑफिसातली नोकरी बघ," हा एकच घोषा. मी एकटी तिच्या बाजूने होते. "आवडतंय तिला, करू दे," असं मीच म्हटलं होतं. तिला काही झालं असतं तर त्या शब्दांचं ओझं मला पेललं नसतं.

गेल्या थंडीत माझी धाकटी नणंद कमल कर्जतहून संगमनेरला माझ्याकडे आली होती. आपल्याकडे सोमवारची सकाळ, तिकडे रविवारची रात्र. टीव्हीवर मनूचा सामना लागलेला.

"वैनी, ती बगा मनी! पिवळ्या जाकिटातली!" कमल ओरडली. "इंजिनेर झाली अन् परात धरून उभी ऱ्हायली व्हय? परात तर मी बी धरते."

"तुझ्या परातीतला आवाज अख्खी अमेरिका ऐकते का?"

"न्हाई. पर माझ्या परातीत पीठ तरी असतंय."

मी हसत होते आणि तेवढ्यात पाहिलं – मनूची थाळी डावीकडे रोखलेली, नजरही तिकडेच. उजवीकडून दोन खेळाडू एकमेकांना धरून, तोल जाऊन, थेट तिच्या अंगावर येत होते. मी उभी राहिले आणि किंचाळले, "मने, मागे हो!"

टीव्हीतून, लोकांच्या गलक्याखालून, स्वच्छ आवाज आला – "हो आजी."

मनू झटकन मागे सरली. दोघं बरोबर तिच्या जागेवर आदळले. आणि या पोरीने तेवढ्यात थाळी वळवून त्यांच्यावरच रोखली होती! तो धप्प आवाज आमच्या बैठकीच्या खोलीत घुमला.

"आगं बया! बोलली की ती!" कमल म्हणाली.

"काहीतरीच. टीव्ही म्हणजे काय फोन आहे?" मी म्हटलं खरं... पण आवाज वाढवून टीव्हीजवळ सरकले.

सामना संपल्यावर मनूचा फोन. "आजी, तू मला हाक मारलीस?"

"मारली. तुला कुणी सांगितलं?"

"हेडफोनमध्ये आली, 'मने, मागे हो' अशी. मी 'हो आजी' म्हणून मागे सरले. नंतर आमच्या प्रक्षेपणाच्या ट्रकमध्ये रेकॉर्डिंग लावून बघितलं. तुझा आवाज नाहीये त्यात. माझा आहे."

"अगं, मी बघितलं म्हणून ओरडले."

"तेच तर! तुला घरी दिसतं ते जवळजवळ मिनिटभर उशिरा दिसतं, आजी. तू ओरडलीस तेव्हा इकडे सगळं होऊन गेलं होतं."

मला पटेना. पुढच्या सामन्याला मी तिच्या वडिलांनाच मैदानावर पाठवलं आणि फोन चालू ठेवायला लावला. फोनवर लोकांचा जल्लोष ऐकू आला, तेव्हा माझ्या टीव्हीवर खेळाडू अजून रांगेत उभे राहत होते. पोर खरं सांगत होती.

वडिलांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच तिला काम करताना पाहिलं. फोन ठेवताना म्हणाला, "आई, सगळे चेंडूमागे बघत असतात आणि ही आवाजामागे पळते. काय पळते गं!" त्यानंतर ऑफिसातल्या नोकरीचा विषय निघाला नाही. कमलने कर्जतमध्ये घरोघर सांगितलंय, "आमची पोरगी अमेरिकेच्या टीव्हीवर मराठीत बोलली. परात धरायला बी लई अक्कल लागती!"

मनूला भास झाला म्हणावं, तर तिचं उत्तर आम्ही दोघींनी ऐकलं. योगायोग म्हणावा, तर शब्द तेच कसे? माझ्या हाकेआधी माझी हाक तिथे कशी पोचली, हे मला आजही सांगता येत नाही. आणि मी त्या सकाळी पूजेला बसले असते, तर... तो विचार मी पुरा करत नाही.

मनूचा सामना असतो त्या सकाळी मी अंघोळ उरकून, चष्मा पुसून टीव्हीसमोर बसते. संपेपर्यंत उठत नाही. बाळांनो, तेवढा वेळ मला फोन करू नका.