पेशीकाकू आणि चिकटवलेला धडा

दहावीच्या बत्तीस मुलींच्या पुस्तकांतला प्रजननाचा धडा मी एकदा पिठाच्या खळीनं चिकटवून टाकला होता. खळ घरी शिजवली, डब्यात भरून शाळेत नेली आणि मुली प्रार्थनेला गेल्या असताना पानाला पान डकवलं. वय तेवीस, नवी नोकरी, नवं लग्न. आणि विषय कोणता शिकवायचे, तर जीवशास्त्र! नातवंडं हे ऐकून हसून लोळतात. मीही हसते, पण जरा जपून.

शाळा हिंदी मुलखातली. आमच्या मोठ्या बाईंना मुली 'कोशिका बहनजी' म्हणत आणि लक्ष्मी गेटकडच्या वस्तीतली आम्ही मराठी मंडळी 'पेशीकाकू'. जगातली कुठलीही गोष्ट त्या पेशीपासून सुरू करत. डब्यातल्या कांद्याचा पापुद्रा आधी सूक्ष्मदर्शकाखाली जाई, उरलेला कांदा मग पोळीबरोबर पोटात. शाळा तपासायला आलेल्या साहेबांचा गाल आतून काडीनं खरवडून त्यांनी काचेवर दाखवला होता, "देखिए साहब, ये आप हैं."

चिकटलेली पानं पाहून त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आतड्याचं नाव घेताना लाजत नाहीस, मग गर्भाशयानं तुझं काय घोडं मारलंय गं?"

"काकू, मुली बिघडतात अशानं."

"बिघडत नाहीत. न शिकवल्यानं अडतात."

बहुतेकींनी ती पानं चहाच्या वाफेवर उघडली असणार. एकीनं नाही. बिजौलीहून येणारी गुड्डी सांगितलेलं सगळं ऐकायची. सोळावं सरत आलं तरी तिला पाळी आली नव्हती. तिनं मला एकटीला गाठून विचारलं, तर मी म्हटलं, "ये सब नहीं पूछते." नंतर ती आलीच नाही. आठवड्यानं कळलं, घरच्यांनी शाळा सोडवली होती.

काकूंनी मला हाताला धरून बिजौलीला जाणाऱ्या टेंपोत बसवलं. गुड्डीची आई दारातच म्हणाली, "बिटिया में खोट है, बहनजी. अब पढ़ा के का करें?"

काकू उंबऱ्यावर बसल्या. "गाड़ी आउटर पे खड़ी हो, तो इंजन खराब थोड़े ही होता है, भाभी? सिग्नल नहीं मिला होगा."

मग पर्समधला खडू काढून फरशीवर चित्र काढलं: मेंदूखालची मटाराएवढी ग्रंथी, तिच्यातून निघणारे हॉर्मोन, रक्तातून अंडाशयापर्यंतची वाट. गुड्डीची आई वाकून पाहत होती आणि तिच्या खांद्यावरून मीही. "डॉक्टरनी को दिखाए बिना मैं उठूँगी नहीं," काकू म्हणाल्या, आणि खरंच उठल्या नाहीत. दोन चहा झाले. तिसरा विचारण्याऐवजी आईनं चप्पल घातली.

गुड्डीची थायरॉइड मंद निघाली. गोळ्या सुरू झाल्या, पुढच्याच महिन्यात ती वर्गात परतली, आणि पाळीही वर्षभरात आली.

काकू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारातही त्या नर्सला स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट समजावून सांगत होत्या. पण मला आठवतो तो बिजौलीहून परतीचा टेंपो. गुड्डीचं काय होणार, तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मी रडत म्हटलं, "काकू, मी नोकरी सोडते."

पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "सोडतेस कुठं? उद्या पहिला तास तुझा. गुड्डी येवो न येवो, बाकीच्या एकतीस आहेत. मी मागच्या बाकावर बसणार, आणि तोंडातल्या तोंडात बोललीस तर बाकावर उभी करीन."