जिचा स्वयंपाक, तिचा रिमोट

नव्वदच्या दशकात अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करताना आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी पुण्याची, ती नागपूरची. तिचा विषय संख्याशास्त्र. खिडकीत तिने बुद्धाची वीतभर मूर्ती ठेवली होती आणि तिच्यासमोर बसून ती पहाटे अभ्यास करायची. मी त्या वेळी उशीत तोंड खुपसून तिच्या गजराला शिव्या घालायचे.

आमच्या घरात कायदा एकच होता: जिचा स्वयंपाक, तिचा रिमोट. कारण टीव्ही एक, तोही गॅरेज सेलमधून आणलेला, आणि व्हीसीआर नव्हता. रात्री साडेअकराला दोन नेटवर्कवर टॉक शोचे दोन होस्ट एकाच वेळी समोरासमोर यायचे. माझा होस्ट खोचक होता, पाहुण्याची कधी फिरकी घेईल नेम नाही. तिचा होस्ट गोडबोल्या, प्रेक्षकांत उतरून कुणाशीही गप्पा मारत बसणारा. त्यांच्या भांडणाच्या बातम्या रोज पेपरात यायच्या. कोण पुढे, कोण मागे, कुणाला कुणाची खुर्ची हवी होती. मी त्या वाचून पेटायचे. माझ्या सख्ख्या भावाची निवडणूक असती तरी मी एवढी पेटले नसते.

तिला मात्र भांडणाशी घेणंदेणं नव्हतं. तिला परीक्षा द्यायची होती. परदेशी विद्यार्थ्यांना वर्गावर शिकवायचं असेल तर आधी तोंडी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागे. फळ्यापाशी उभं राहून दहा मिनिटं शिकवायचं आणि समोर विद्यार्थी बनून बसलेले तिघे परीक्षक मध्येमध्ये तोडून प्रश्न विचारणार. पहिल्या वेळी एकाने काहीतरी म्हटलं, बाकीचे दोघे हसले आणि हिला कळेचना. ती खडू हातात धरून उभीच राहिली. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. नापास झाली तर शिकवण्याच्या बदल्यात फी आणि पगार देणारी असिस्टंटशिप जानेवारीपासून बंद, म्हणजे शिक्षण बंद, म्हणजे परत. तिच्या वस्तीतून अमेरिकेला आलेली ती पहिली. निघताना सगळी वस्ती स्टेशनवर आली होती.

म्हणून तो गोडबोल्या. प्रेक्षकांतली माणसं मध्येच काय बोलतात आणि तो कसं उत्तर देतो, हे ती वही घेऊन ऐकायची. वाक्य पुटपुटायची. लोक हसले की चटकन माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "काय बोलला तो?" मी सांगायचे, पण सुस्कारा टाकून.

"माझा बघ की," मी एकदा म्हटलं. "इंग्रजीच बोलतो तोही."

"नाही गं. तो फटाफट बोलते, ओठ पण हालत नाही त्याचे. याला मी दोन महिन्यांपासून ऐकून राहिली आहे. आता याचं बोलणं कानात बसलं आहे न माझ्या."

परीक्षेच्या आधीचा अख्खा आठवडा स्वयंपाक मी करते, रिमोट मला दे, असं तिने मागितलं. मी खुशीत हो म्हटलं. आयतं जेवायला कोण नाही म्हणेल?

आणि नेमकी त्याच आठवड्यात रेटिंग कंपनीची वही आमच्या पत्त्यावर आली. आठवडाभर टीव्हीवर काय पाहिलं ते दर पंधरा मिनिटांनी लिहायचं, घरातलं कोण पाहत होतं त्याच्या रकान्यात खूण करायची. मी हरखून गेले. माझं मत थेट पोचणार होतं! पण रिमोट तिच्याकडे. पाच रात्री मी माझ्या हाताने शत्रूच्या नावावर खुणा केल्या, तिची एक आणि माझी एक. तुम्ही म्हणाल, खोटं लिहायचं, कोण बघतंय? ते मला जमणं शक्य नव्हतं. माझे वडील मुख्याध्यापक. फॉर्मवर खोटं लिहायचं नाही हा आमच्या घरचा कुळाचार. लिहायचं तर खरंच पाहायला हवं होतं.

परीक्षा बुधवारी सकाळी होती. मंगळवारी मी लॅबमधून चार वाजताच सटकले, बस पकडली, घरी आले आणि मुगाची खिचडी टाकली.

ती सातला आली. बुटांवरचा बर्फ झटकत होती, तेवढ्यात तिला वास आला. तिने कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज माझी पाळी होती न?"

"लवकर आले, म्हणून टाकली. कायदा म्हणजे कायदा, यार."

ती भांडली असती तर मी रिमोट दिला असता. असं मी अजूनही स्वतःला सांगते. ती भांडली नाही. जेवली, ताटं विसळली. साडेअकराला आपली वही मांडीवर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा होस्ट ऐकायला लागली. त्या रात्री तो फारच फटाफट बोलत होता. लोक हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीवरून डोळे हलवले नाहीत. पुन्हा हसले, तिने पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा मात्र तिने वही मिटली. मी रेटिंगच्या वहीत दोन खुणा केल्या, दोन्ही खऱ्या.

ती नापास झाली. कुणीतरी मध्येच काही विचारलं, तिला कळलं नाही, एवढंच तिने सांगितलं. एका रात्रीने काय फरक पडणार होता, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणत होते, मोठ्याने, तिच्या पाठीवर हात ठेवून. रेटिंगची वही मी वेळेत टपालात टाकली. तिच्यात एकही ओळ खोटी नव्हती आणि मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

डिसेंबरात, जायच्या आदल्या दिवशी तिने हट्टाने स्वयंपाक केला. पिठलं-भात, लसणाची चटणी. बॅगा दाराशी बांधून ठेवलेल्या होत्या. बुद्धाची मूर्ती स्वेटरमध्ये गुंडाळून आत गेली होती. खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या जागी गोल डाग दिसत होता. साडेअकराला तिने रिमोट उचलला आणि माझा चॅनेल लावला.

"अगं, तुझा लाव ना," मी म्हटलं. "आज तुझा रिमोट आहे."

"असू दे न," ती म्हणाली आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. "मला आता इंग्रजी काय करायचं आहे? तू बघ तुझा."